ट्रॉलीसाठी जुना ट्रॅक्टर घेताना

रावेर, यावल, भुसावळ, मुक्ताईनगर या तापीकाठच्या तालुक्यांत ट्रॅक्टर म्हणजे केवळ नांगर ओढणारे यंत्र राहिलेले नाही. केळीचे घड शेतातून पक्क्या रस्त्यावर आणणे, कापूस जिनिंगला पोहोचवणे, शेणखत, खताची पोती, ठिबकच्या नळ्या, घराच्या बांधकामासाठी मुरूम, ही सारी कामे ट्रॉलीवरच होतात. अनेकांच्या ट्रॅक्टरचे वर्षभराचे तास मोजले तर नांगरटीपेक्षा वाहतुकीचेच जास्त भरतील. चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीचा नवा ट्रॅक्टर सहा ते आठ लाख रुपयांच्या घरात जातो. त्यामुळे चार-पाच एकरांचा शेतकरी जुन्या ट्रॅक्टरकडे वळतो, आणि ते वावगेही नाही. नीट पारखून घेतलेला जुना ट्रॅक्टर आणखी दहा वर्षे सुखाने काम देतो.

मी कृषिविद्या शिकवतो. यंत्रे ही माझी शाखा नव्हे. तरीही हा विषय घेण्यामागे घरचे कारण आहे. मी पदव्युत्तर शिक्षण घेत असताना वडिलांनी एका दलालामार्फत जुना ट्रॅक्टर घेतला. रंग नवा, इंजिन एका चावीत सुरू, धूर नाही. गावच्या मिस्तरींनीही मान डोलावली. तिसऱ्या आठवड्यात केळीने भरलेली ट्रॉली घेऊन वडील नाल्याच्या उतारावर आले. ब्रेक दाबला तर एकच बाजू लागली. ट्रॅक्टर आडवा फिरला, मागून ट्रॉलीने रेटा दिला आणि सगळे नाल्यात गेले. वडील उडी मारून वाचले, पण डाव्या पायात आजही पट्टी आणि स्क्रू आहेत. इंजिनला मात्र खरचटलेसुद्धा नव्हते! आम्ही सर्वांनी इंजिन तपासले होते, ब्रेक कोणीच तपासला नव्हता.

ट्रॉलीसाठी ट्रॅक्टर घेताना तो किती ओढेल हे सगळेच विचारतात. भरलेली ट्रॉली तो कशी थांबवेल, हा प्रश्न त्याच्या आधी विचारावयास हवा.

ओढण्याचा हिशेब

प्रथम अश्वशक्तीबद्दलचा गैरसमज दूर करू. समजा, ट्रॉलीत २० किलोचे २५० घड आहेत, म्हणजे ५ टन माल झाला. रिकामी ट्रॉली दीड टन आणि ट्रॅक्टर २ टन धरला तर एकूण साडेआठ टन वजन हलवावयाचे आहे. डांबरी सपाट रस्त्यावर दर टनामागे साधारण २० किलोचा ओढ लागतो, म्हणजे १७० किलो. कोरड्या पांधणीने हाच ओढ दर टनी ५० किलोपर्यंत जातो, म्हणजे सव्वाचारशे किलो. एवढ्या ओढीला ताशी १० कि.मी. वेगाने चाकांवर सुमारे १६ अश्वशक्ती पुरते. वीस फुटांत एक फूट चढ असलेल्या डांबरी रस्त्यावरही याच वेगाला २२ अश्वशक्ती लागते. मग ३५-४० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पावसाळ्यात जागीच का फिरतो?

कारण पकड. दोन टनांच्या ट्रॅक्टरचे मागील चाकांवर साधारण १३०० किलो वजन असते. ओल्या काळ्या जमिनीत चाकाची पकड या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास मिळते, म्हणजे सुमारे ३९० किलो. तशा चिखलात साडेआठ टनांना लागणारा ओढ हजार किलोच्या वर जातो. तेथे ४५ ऐवजी ५५ अश्वशक्तीचे इंजिन असले तरी चाक फक्त जास्त जोराने फिरेल. ट्रॉलीच्या कामाला इंजिनच्या आकड्याइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्व ट्रॅक्टरच्या वजनाला आणि मागील टायरच्या नक्षीला आहे.

मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र शासनाची ट्रॅक्टर चाचणी संस्था १९५५ पासून आहे. भुसावळहून इटारसीमार्गे भोपाळकडे जाणाऱ्या रेल्वेने आपण गेलात तर बुदनी स्टेशन वाटेतच लागते. तेथील चाचणी अहवालात त्या मॉडेलचे वजन, पी.टी.ओ.वर मिळणारी शक्ती आणि हुकावरचा प्रत्यक्ष ओढ दिलेला असतो. बॉनेटवर रंगवलेल्या आकड्यापेक्षा हा अहवाल पाहावा. इंजिनची अश्वशक्ती, पी.टी.ओ.ची आणि हुकावरची, हे तीन आकडे वेगवेगळे असतात आणि विकणारा नेहमी पहिलाच सांगतो.

थांबवण्याचा हिशेब

बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागील दोन चाकांना असतो आणि आपल्याकडील बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतोच. म्हणजे साडेआठ टनांचा सारा भार ट्रॅक्टरची दोन चाकेच थांबवणार.

ढोबळ हिशेब करू. सुक्या डांबरावर मागील चाकांची पकड वजनाच्या ६० टक्के धरली तर ब्रेकचा जोर सुमारे ७८० किलो मिळतो. नुसता ट्रॅक्टर ताशी २० कि.मी. वेगात असेल तर ब्रेक लागल्यापासून सुमारे ४ मीटरमध्ये उभा राहतो. मागे भरलेली ट्रॉली असेल तर तेच अंतर १७ मीटर होते. वीसात एक असा उतार असेल तर ३८ मीटर. सपाट रस्त्यावर वेग २० ऐवजी ३० केला तरीही ३९ मीटर. त्याशिवाय आपला पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो आणि त्यात आणखी पाच ते आठ मीटर निघून जातात. हे सर्व ब्रेक उत्तम असताना! एका बाजूची ब्रेक-पट्टी तेलकट झाली असेल तर जोर निम्मा होतो आणि वर ट्रॅक्टर आडवा फिरतो. आमच्या घरी तेच झाले.

म्हणून ट्रॅक्टर पाहावयास गेल्यावर प्रथम मागील चाकांच्या आतल्या बाजूला खाली वाकून पाहावे. धुरी जेथून बाहेर येते तेथे ओलसर काळा थर असेल, तर तेलसील गेले आहे आणि कोरड्या ब्रेकच्या ट्रॅक्टरमध्ये ते तेल ब्रेक-पट्टीवर उतरत आहे असे समजावे. विकणारे बहुधा ट्रॅक्टर धुऊनच दाखवतात. तेव्हा अर्धा तास चालवून झाल्यावर पुन्हा वाकून पाहावे. तेलात बुडालेले ब्रेक असलेला ट्रॅक्टर मिळाला तर त्यास थोडी जास्त किंमत द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. चिखल-पाण्याचा त्यांवर परिणाम होत नाही, ते तापतात कमी आणि टिकतात जास्त.

त्यानंतर दोन्ही ब्रेक-पॅडल एकत्र जोडणारी खिटी जागेवर आहे का ते पाहावे. शेतात वळण्यासाठी ती काढतात आणि मग ती हरवते. खिटीच्या जागी तार गुंडाळलेली आढळली तर तो ट्रॅक्टर रस्त्यावर कसा वापरला गेला हे उघड आहे. मोकळ्या, मातीच्या सपाट जागेत खिटी लावून सावकाश वेगात जोरात ब्रेक दाबावा आणि खाली उतरून चाकांच्या घसरल्याच्या खुणा पाहाव्यात. दोन्ही खुणा सारख्या लांबीच्या हव्यात. ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

इंजिनची पारख

ट्रॅक्टर पाहावयास सकाळी लवकर, शक्यतो न कळवता जावे. गेल्याबरोबर इंजिनवर हात ठेवावा. कोमट लागले तर विकणाऱ्याने आधीच सुरू करून ठेवले होते असे समजावे. थंड इंजिन किती प्रयत्नांत सुरू होते, यावरून कॉम्प्रेशन, बॅटरी आणि नोझल यांची एकदम कल्पना येते.

सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी जात आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे, रिंगा किंवा लायनरचा खर्च जवळ आला. भार पडल्यावर क्षणभर निघणारा काळा धूर फारसा चिंतेचा नाही, पण सतत निघणारा काळा धूर म्हणजे हवेची जाळी तुंबलेली किंवा पंपाचे डिझेल वाढवलेले. वाहतुकीत चाललेल्या ट्रॅक्टरांत पंप ‘चढवून’ घेण्याची खोड आढळते. त्याने ओढ वाढल्यासारखी वाटते आणि इंजिनचे आयुष्य घटते.

इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढून पाहावे. तेथून फकफक धूर येत असेल तर रिंगा गेल्या आहेत. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधासारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे. असा ट्रॅक्टर स्वस्तातही घेऊ नये. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग, किंवा इंजिन सुरू केल्यावर सतत बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केटचा दोष संभवतो.

आपल्या भागात रेडिएटरकडे विशेष लक्ष द्यावे. भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो हे आपणास सांगावयास नकोच. विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतल्याने आतील नळ्यांना क्षार बसतो, आणि बाहेरून कापसाचा कचरा व धूळ जाळी बुजवतात. जानेवारीत पाहिलेला ट्रॅक्टर थंड चालतो आणि मे महिन्यात पाणी उकळू लागते. जमल्यास व्यवहार उन्हाळ्यात, दुपारच्या चाचणीनंतर करावा. हवेने थंड होणाऱ्या छोट्या इंजिनांना क्षाराचा त्रास नाही, मात्र त्यांच्या पंख्याच्या वाटा आणि पाती साफ असाव्या लागतात. शिवाय २४-२५ अश्वशक्तीच्या अशा हलक्या ट्रॅक्टरला पाच टनांची ट्रॉली लावू नये.

तासांच्या काट्यावर फार विसंबू नये. जुन्या ट्रॅक्टरांवरील काटा खरे म्हणजे इंजिनचे फेरे मोजतो, घड्याळाचे तास नव्हे. आणि पुष्कळदा तो बंदच असतो. त्यापेक्षा क्लच-ब्रेकच्या पॅडलवरील रबर, स्टिअरिंगची झिजलेली कडा आणि हुकाचे भोक अधिक खरे बोलतात. काटा दोन हजार तास दाखवतो आणि हुकाचे भोक मात्र झिजून लंबगोल झाले आहे, असे दिसले तर काट्यावर नव्हे, भोकावर विश्वास ठेवावा.

क्लच, गिअर आणि पुढचा आस

ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्लच चढावर निघताना झिजतो. वरच्या गिअरमध्ये ब्रेक घट्ट धरून क्लच हळू सोडावा. इंजिन बंद पडावयास हवे. बंद न पडता गुरगुरत राहिले तर क्लच घसरतो. क्लच-प्लेट स्वतः फार महाग नसते, पण ती बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधून दोन भागांत उघडावा लागतो आणि खरा खर्च त्या कामाचा असतो.

रस्त्याचे गिअर, म्हणजे वरचे दोन, भार असताना चालवून पाहावेत. भार सोडल्यावर गिअर आपोआप बाहेर पडत असेल तर तो ट्रॅक्टर उतारासाठी धोक्याचा आहे, कारण उतारावर इंजिनचा अडथळा हाच आपला दुसरा ब्रेक असतो. येथेच सांगून ठेवतो, डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणारे चालक मी पाहिले आहेत. वाचलेले डिझेल कपभर असेल. ज्या गिअरमध्ये चढ चढावा लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावे आणि तो उताराच्या आधीच टाकावा.

पुढील आस जॅकने उचलून प्रत्येक चाक वर-खाली व आडवे हलवून पाहावे. स्टिअरिंगच्या कडेवर दोन इंचांपेक्षा जास्त मोकळी चाल नसावी. दुचाकी ट्रॉली मालाचा काही भार हुकावर टाकते. त्याने मागील चाकांची पकड वाढते हे खरे, पण पुढचे टोक हलके होते. ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढील चाकांवर राहिला नाही तर स्टिअरिंग फिरते आणि ट्रॅक्टर सरळच जातो. पुढील लोखंडी वजने जागेवर आहेत का पाहावे. पुष्कळदा ती भंगारात गेलेली असतात. माल भरतानाही तो ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला रचू नये.

ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडावी. वरच्या लिंकच्या जागी किंवा उचललेल्या हायड्रॉलिकला साखळी बांधून भार ओढला तर ओढीची रेषा मागील आसाच्या वर जाते आणि ट्रॅक्टर मागे पालथा होतो. हे दीड सेकंदाच्या आत घडते; क्लच दाबण्यासही वेळ मिळत नाही. हुकाच्या आसपास पुन्हा वेल्डिंग केल्याच्या खुणा असतील तर तेथे तडा गेला होता असे धरावे.

भरलेल्या ट्रॉलीची चाचणी

वरील सर्व तपासण्या पटल्या तरी शेवटची चाचणी केल्याशिवाय इसार देऊ नये. जेवढा माल आपण नेहमी वाहणार तेवढाच मुरूम वा माती ट्रॉलीत भरावी. ओळखीचा मिस्तरी बरोबर घ्यावा, ट्रॉलीत व मडगार्डवर कोणासही बसू देऊ नये. सौम्य चढावर, वाहतूक नसलेल्या जागी, मध्येच थांबून पुन्हा निघावे. नंतर त्याच जागी खाली येताना ताशी ८-१० कि.मी. वेगात ब्रेक तपासावा. अर्धा तास चालवून उष्णतेचा काटा, गरम इंजिनवर तेलदाबाचा काटा आणि जमिनीवर पडणारे थेंब पाहावेत. विकणारा याला तयार नसेल तर चहा पिऊन परत यावे.

कोणत्या बनावटीचा घ्यावा, असे मला नेहमी विचारतात. ज्याचे सुटे भाग आणि जाणकार मिस्तरी आपल्या तालुक्याच्या गावी मिळतात, तो घ्यावा. एच.एम.टी.चा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला; त्यांचे जड, दणकट ट्रॅक्टर आजही रस्त्यावर आहेत, पण घेण्यापूर्वी सुट्या भागांची चौकशी करावी. पन्नास अश्वशक्तीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक निकष लागू झाले असून त्यांतील इंधनप्रणाली बहुधा इलेक्ट्रॉनिक असते. त्याआधीचे साधे पंप गावचा मिस्तरी खोलू शकतो, हा जुन्या ट्रॅक्टरचा एक फायदाच आहे.

रोज तीस-चाळीस कि.मी. महामार्गाने माल न्यावयाचा असेल, किंवा छत्रपती संभाजीनगरकडे अजिंठ्याचा घाट चढून जावयाचे असेल, तर ट्रॅक्टर-ट्रॉलीचा हट्ट सोडावा. त्या कामाला जुना पिकअप किंवा टाटा ४०७ सारखा लहान ट्रक बरा. त्याच्या चारही चाकांना ब्रेक असतो आणि माल त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतो. फक्त त्याच्यामागे पुन्हा शेतातली ट्रॉली अडकवू नये.

कागदपत्रे

चॅसिस व इंजिन क्रमांकांवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यावा आणि आर.सी. पुस्तकाशी ताडून पाहावा. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या संगणकीय नोंदीत मालक, नोंदणीची मुदत, विमा आणि बँकेचा बोजा मोबाईलवरही पाहता येतो. नोंदणी पहिली १५ वर्षे असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांचे ते राहून गेलेले असते. हस्तांतरासाठी नमुना २९ व ३०, बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ आणि ट्रॅक्टर बऱ्हाणपूर किंवा खरगोनकडून येत असेल तर नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिचेही कागद मागावेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयास कळवावयाचे असते. नुसत्या शंभर रुपयांच्या स्टॅम्पवरील सौदापावतीवर वर्षानुवर्षे चालवणारे खूप आहेत. आपला जुना ट्रॅक्टर विकणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे, कारण अपघात झाल्यास नोंदीत ज्याचे नाव तोच मालक जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज द्यावा आणि पॉलिसीत ट्रॉलीचा उल्लेख करून घ्यावा. शेतीसाठीच्या विम्यावर दुसऱ्याचा माल भाड्याने वाहिला, किंवा ट्रॉलीत माणसे बसवली, तर दावा फेटाळला जाऊ शकतो.

ठरलेल्या रकमेचा निदान पाचवा हिस्सा हातात राखून व्यवहार करावा. ट्रॅक्टर घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच इंजिन ऑइल, फिल्टर, गिअरपेटीचे ऑइल व रेडिएटरचे पाणी बदलावे. जुने ऑइल एकदम नालीत न ओतता स्वच्छ थाळीत काढून लोखंडाचा कीस दिसतो का ते पाहावे. दोन्ही ब्रेक सारखे लावून घ्यावेत. ट्रॉलीच्या मागे लाल दिवा व चमकणारी पट्टी लावावी, पिनला साखळी व कडी बसवावी आणि ट्रॉलीत चाकाखाली लावण्यासाठी लाकडी उटी कायमची ठेवावी. आमच्या वडिलांच्या नव्या ट्रॉलीत बाभळीच्या दोन उट्या आहेत. ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी त्या मोजण्याची त्यांना आता सवय लागली आहे.